पास झालेली गाडी आणि सांभाळलेली गाडी

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला सहसा दोघांच्या भरवशावर राहावं लागतं. एक विकणारा आणि दुसरा आपण सोबत नेलेला मेकॅनिक. विकणाऱ्याला गाडीचा सगळा इतिहास ठाऊक असतो, पण त्याला ती खपवायची असते. मेकॅनिकचा त्यात स्वार्थ नसतो, पण बोनेट उघडून आणि एक चक्कर मारून तो जे सांगेल ते आजचं. गेली दहा-बारा वर्षं ही गाडी कशी वागवली गेली, कोणतं दुखणं वेळीच बरं केलं आणि कोणतं अंगावर काढलं, हे त्याला अंदाजानेच सांगावं लागतं.

ब्रिटनमध्ये या दोघांखेरीज तिसरा साक्षीदार आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीचा नंबर सरकारच्या संकेतस्थळावर टाकला की तिच्या दर वर्षीच्या तपासणीचा निकाल समोर येतो. तारीख, पास की नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, काय बिघडलेलं होतं आणि काय बिघडण्याच्या वाटेवर होतं. पैसे लागत नाहीत, मालकाची परवानगी लागत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या नोंदी २००५ पासूनच्या मिळतात, नॉर्दर्न आयर्लंडमधल्या २०१७ पासूनच्या.

नोकरीनिमित्त स्लाऊ, रेडिंग किंवा मँचेस्टरला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची तिथली पहिली गाडी जुनीच असते. परदेशात पाऊल ठेवलेलं, ओळखीचा गॅरेजवाला नाही, विकणाऱ्याच्या बोलण्यातलं खरं-खोटं ओळखायला अजून कान तयार झालेला नाही. अशा वेळी ही नोंद हाताशी असते. पण बहुतेक जण वरचा हिरवा ‘पास’ बघतात आणि समाधान मानतात. तिथेच ते चुकतात. पास होणं ही गाडीची रस्त्यावर यायची किमान पात्रता झाली. गाडी कशी आहे हे कळतं ते एका तपासणीत सांगितलेली दुरुस्ती पुढच्या तपासणीपर्यंत झाली की नाही यावरून. म्हणून ही नोंद एका ओळीत वाचायची नसते, सलग वाचायची असते.

दहा वर्षांवरून तीन वर्षांवर

या तपासणीला ब्रिटनमध्ये सगळे ‘एमओटी’ म्हणतात. ज्या वाहतूक मंत्रालयाने ती सुरू केली, त्याच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. मंत्रालयाचं नाव पुढे बदलत गेलं, तपासणीचं राहिलं. अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, १२ सप्टेंबर १९६० रोजी ती सुरू झाली. त्याआधीच्याच वर्षी त्यांच्या हस्ते एम-१ या मोटरवेच्या पहिल्या मोठ्या टप्प्याचं उद्‌घाटन झालं होतं. रस्ते वेगवान होत होते आणि त्यांवर युद्धापूर्वीच्या, थकलेल्या ब्रेकच्या गाड्याही धावत होत्या.

सुरुवातीला नियम सौम्य होता. गाडीला दहा वर्षं झाली की वर्षातून एकदा ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासायचं, बस्स. पण इतक्या गाड्या नापास होऊ लागल्या की १९६१ च्या अखेरीस दहाची मर्यादा सातवर आली आणि १९६७ मध्ये तीनवर. आजही ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी गाडीची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर वर्षी होते. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये ती चौथ्या वर्षी सुरू होते आणि खासगी गॅरेजऐवजी सरकारी केंद्रात होते. ग्रेट ब्रिटनमध्येही पहिली तपासणी चौथ्या वर्षी न्यावी का, यावर सरकारने २०२३ मध्ये लोकांची मतं मागवली. २०२४ च्या सुरुवातीला तीन वर्षंच कायम ठेवायचं ठरलं.

दरम्यान यादी वाढत गेली. १९६८ मध्ये टायर आले. १९७७ मध्ये वायपर, इंडिकेटर, हॉर्न, सायलेन्सर आणि चेसिस-पत्र्याची अवस्था आली. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांचा धूर मोजायला सुरुवात झाली. पण जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल झाला तो २००५ मध्ये, निकाल संगणकावर नोंदवले जाऊ लागले तेव्हा. तोवर दाखला म्हणजे हातातला कागद होता. तो हरवायचा, फाटायचा, खोटाही बनवता यायचा. नोंद मध्यवर्ती झाल्यावर ती मालकाच्या कपाटातून बाहेर आली.

रॅम्पखाली काय बघतात

ही नोंद ज्या हातांनी लिहिली जाते ते काय करतात हे समजल्याशिवाय ती नीट वाचता येत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये तपासणी करणारी केंद्रं वीस हजारांहून अधिक आहेत. त्यांतली बहुतेक साधी मोहल्ल्यातली गॅरेजं, सरकारी मान्यता मिळालेली. गाडीसाठी ती जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेऊ शकतात. गिऱ्हाइकाला ठरवून दिलेल्या जागेतून तपासणी बघता येईल अशी सोय ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

आधी गाडीची चाकं रोलरवर चढतात. रोलर फिरतात, तपासणारा ब्रेक दाबतो आणि डाव्या-उजव्या चाकाचा जोर वेगवेगळा मोजला जातो. एक चाक जोरात धरतंय आणि दुसरं नाही, हे रस्त्यावर चालवताना कळत नाही. अचानक ब्रेक मारायची वेळ आली आणि गाडी एका बाजूला ओढली गेली की मगच कळतं. इथे ते आकड्यात दिसतं.

मग गाडी वर उचलली जाते आणि खरी तपासणी सुरू होते. तपासणारा हातात पहार घेऊन लोअर आर्म आणि बुश यांच्या मध्ये ती टेकवतो, जोर देतो आणि खेळ किती आहे ते बघतो. पुढची चाकं डावीकडे-उजवीकडे हलवून स्टिअरिंगचे सांधे बघतो. टॉर्चच्या उजेडात ब्रेक पाइपवरून पुढून मागेपर्यंत नजर फिरवतो. गंजाचा संशय आला त्या ठिकाणी अंगठ्याने दाबतो, छोट्या हातोडीने ठोकतो. शाबूत पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ पाण्यातून उडून गाडीच्या तळाला बसतं, त्यामुळे तिथल्या गाडीचं आयुष्य इंजिनापेक्षा पुष्कळदा तळाचा पत्राच ठरवतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. तपासणाऱ्याला काहीही खोलायची परवानगी नसते. इंजिनाखाली प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते तो काढत नाही. त्यामुळे काही भाग दिसले नाहीत, एवढीच नोंद तो करतो. तळाला जाड अंडरकोटिंग मारलेलं असेल तर त्याखाली काय दडलंय हे त्याला दिसत नाही, तेही तो तसंच लिहितो. ही नोंद बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. क्वचित तीच सगळ्यांत महत्त्वाची ठरते.

चार पायऱ्या

२० मे २०१८ पासून दोषांची प्रतवारी बदलली. सर्वांत वर ‘डेंजरस’. म्हणजे दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. त्याखाली ‘मेजर’, यातही गाडी नापास. मग ‘मायनर’, म्हणजे दोष आहे, पण गाडी पास. आणि शेवटी ‘अ‍ॅडव्हायझरी’, म्हणजे अजून दोष म्हणावा असं काही नाही, पण लक्ष ठेवा. २०१८ पूर्वीच्या नोंदीत नापासाची कारणं आणि सूचना एवढेच दोन गट दिसतात. म्हणून एकाच गाडीच्या जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवताना शब्दांकडे न पाहता दोष कोणता आहे हे बघावं.

गाडी पारखणाऱ्याला सर्वांत जास्त माहिती देतात त्या अ‍ॅडव्हायझरी. नापास झालेली वस्तू मालकाला दुरुस्त करावीच लागते. कायदाच तसा आहे, त्यात त्याचा स्वभाव दिसत नाही. अ‍ॅडव्हायझरी मात्र ऐच्छिक असते. टायर मर्यादेच्या जवळ आलेत, ब्रेक पाइपवर किंचित गंज आहे, लोअर आर्मचा बॉल जॉइंट थोडा झिजलाय. आज काही केलं नाही तरी गाडी चालते. तेव्हा मालकाने खिशात हात घातला की नाही, हे पुढच्या वर्षीच्या नोंदीत उतरतं.

दोन गाड्या, एकच वय

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहण्यासाठी दोन नमुना नोंदी मी इथे बेतल्या आहेत. गाड्या काल्पनिक आहेत, पण दोष आणि त्यांचा क्रम अशा नोंदींत नेहमी भेटणारा आहे. दोन्ही पेट्रोल हॅचबॅक, दोन्ही एप्रिल २०१० च्या. लांबण टाळण्यासाठी २०१९ नंतरच्या काही ओळी गाळल्या आहेत.

पहिल्या गाडीची नोंद अशी:

२०१३: २१,४०० मैल. पास, सूचना नाही.
२०१४: २९,१०० मैल. पास. सूचना: पुढचे दोन्ही टायर मर्यादेजवळ झिजलेले.
२०१५: ३६,८०० मैल. पास, सूचना नाही.
२०१६: ४४,३०० मैल. नापास: मागची डावी कॉइल स्प्रिंग तुटलेली. त्याच दिवशी पुन्हा तपासणी, पास.
२०१७: ५१,९०० मैल. पास. सूचना: मागच्या ब्रेक पाइपवर किंचित गंज.
२०१८: ५८,७०० मैल. पास, सूचना नाही.
२०१९: ६५,२०० मैल. नापास: पुढच्या उजव्या बाजूचा बॉल जॉइंट जास्त खेळतोय. दोन दिवसांनी पास.
२०२० (ऑक्टोबर): ७१,००० मैल. पास, सूचना नाही.
२०२४: ९३,५०० मैल. पास. सूचना: मागच्या ब्रेक डिस्क झिजलेल्या.

दुसरीची अशी:

२०१३: १८,९०० मैल. पास, सूचना नाही.
२०१४: २५,६०० मैल. पास. सूचना: पुढचे टायर मर्यादेजवळ.
२०१५: ३२,००० मैल. पास. सूचना: चारही टायर मर्यादेजवळ, पुढचे ब्रेक पॅड पातळ.
२०१६: ३८,९०० मैल. पास. सूचना: टायर मर्यादेजवळ, ब्रेक पाइपवर गंज, ऑइलची किरकोळ गळती.
२०१७: ४५,१०० मैल. पास. सूचना: ब्रेक पाइपवर गंज, ऑइलची गळती.
२०१८: ५०,८०० मैल. नापास: ब्रेक पाइप गंजून पातळ झालेला, एक टायर मर्यादेखाली. दुसऱ्या दिवशी पास.
२०१९: ५६,००० मैल. पास. सूचना: तळाला अंडरकोटिंग मारल्याने काही भाग दिसले नाहीत.
२०२२: ६१,३०० मैल. पास. सूचना: तळाबद्दल तीच.
२०२३: ६१,४५० मैल. पास.
२०२४: ६३,००० मैल. पास, सूचना नाही. विक्रीच्या जाहिरातीच्या एक आठवडा आधीची तपासणी.

नुसते आकडे मोजले तर दुसरी गाडी सरस वाटते. तीस हजार मैल कमी चाललेली, एकदाच नापास, ताजा दाखला, एकही सूचना नाही. मी मात्र पहिलीच घेईन आणि कुणी सल्ला विचारला तर तीच घ्यायला सांगेन.

पहिल्या गाडीत सूचना येते आणि पुढच्या वर्षी नाहीशी होते. २०१४ ला टायरची सूचना, २०१५ ला कोरा कागद. म्हणजे टायर बदलले गेले. २०१७ ला ब्रेक पाइपवर गंज, २०१८ ला उल्लेख नाही. पाइप बदलला असेल किंवा साफ करून गंजरोधक लावलं असेल. नेमकं काय केलं ते बिलावरून विचारता येतं, पण दखल घेतली हे उघड आहे. दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा कारण सस्पेन्शनचं. खड्ड्यांनी आणि गंजाने कॉइल स्प्रिंग तुटणं ब्रिटनच्या रस्त्यांवर रोजचं आहे. ती तुटली म्हणजे मालक हलगर्जी, असं नाही. त्याच दिवशी किंवा दोन दिवसांत काम करून घेतलं गेलं. या नापासांमुळे उलट गाडीला नवे भाग मिळाले.

दुसऱ्या गाडीत सूचना साचत जाते. तीन वर्षं टायर मर्यादेजवळच. म्हणजे घासून संपेपर्यंत टायर चालवायचे, मग स्वस्तात दुसरे अर्धवट झिजलेले टाकायचे. ब्रिटनमध्ये असे वापरलेले टायर विकणं ठराविक अटींवर कायदेशीर आहे. ब्रेक पाइपवरचा गंज २०१६ ला सांगितला, २०१७ ला पुन्हा सांगितला, तरी २०१८ ला नापास होईपर्यंत कुणी हात लावला नाही. ब्रेकसारख्या गोष्टीची दोन वर्षं दखल न घेणाऱ्या मालकाने इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल, अशी आशा धरायला काही आधार नाही. तपासणीत ऑइल बदलल्याची नोंद होत नाही, पण ज्या गोष्टी नोंदल्या जातात त्यांवरून न नोंदलेल्या गोष्टींचा अंदाज बांधता येतो. या नोंदीचा खरा उपयोग हाच आहे.

आणि मग २०१९ मध्ये, ब्रेक पाइप गंजल्याचं सिद्ध झाल्यानंतर लगेच, तळाला काळं अंडरकोटिंग आलं. गंजापासून बचाव म्हणून वेळीच, स्वच्छ पत्र्यावर केलेलं अंडरकोटिंग चांगलं काम आहे. गंज दिसू लागल्यावर वरून मारलेलं अंडरकोटिंग ओल आत कोंडतं आणि तपासणाऱ्याची नजर बाहेर ठेवते. अशा गाडीचा तळ पैसे देऊन स्वतंत्रपणे तपासून घेतल्याशिवाय तिच्यासाठी इसार देऊ नये.

आकड्यांची चाल

दर वर्षी मीटरचा आकडा नोंदला जातो, ही या पद्धतीची आणखी एक मोठी देणगी. मीटर मागे फिरवणं हा जुन्या गाड्यांच्या धंद्यातला जुना उद्योग. नोंदीत तो लगेच उघडा पडतो: एका वर्षी ८८,०००, पुढच्या वर्षी ५४,०००. पण अशा प्रत्येक उडीला फसवणूक समजू नये. टंकताना एखादा आकडा चुकतो आणि पुढच्या वर्षी ओळ पुन्हा सरळ होते. आयात केलेल्या गाडीचा मीटर किलोमीटरमध्ये असतो, त्यामुळे नोंदीत एकक बदललेलं दिसतं. मीटरचा पूर्ण संचच बदलला असेल तर त्याचं बिल असतं. खरी फसवणूक ओळखायची खूण अशी की आकडा खाली येतो आणि मग त्या खालच्या पातळीवरूनच शांतपणे पुढे चालू लागतो.

मागे गेलेला आकडा पकडणं सोपं असतं. थांबलेल्या आकड्याकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. दुसऱ्या गाडीत २०२२ ते २०२३ या काळात फक्त १५० मैल आहेत. ‘कमी चाललेली’ ही जाहिरात इथे खरी आहे, पण वर्षभर उभी राहिलेली गाडी विश्रांती घेत नसते. ब्रेक डिस्क गंजतात, टायर एकाच जागी दबून कडक होतात, बॅटरी बसते, रबरी सील सुकतात. दर वर्षी सारखी चाल असलेली पहिली गाडी जास्त चालली, पण सतत फिरती राहिली.

मधली रिकामी वर्षं

नोंदीत एखादं वर्ष गायब असलं की शंका येणं साहजिक आहे. त्याची प्रामाणिक कारणंही असतात. २०२० मध्ये कोविडमुळे सरकारने ३० मार्च ते ३१ जुलै या काळात मुदत संपणाऱ्या गाड्यांना सहा महिन्यांची सवलत दिली. म्हणून एप्रिलमध्ये तपासणी होणारी गाडी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिसते आणि पुढेही तिचा महिना सरकलेला राहू शकतो. त्या एका सरकण्यावरून काहीही निष्कर्ष काढायचा नाही. गाडी रस्त्यावर आणत नसल्याचं मालकाने सरकारला रीतसर कळवलं असेल, तर तेवढा काळ तपासणीही लागत नाही. मालक परदेशी गेला, घरात आजारपण आलं, गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली, असं घडतं.

संशय घ्यायचा तो नापासानंतरच्या शांततेचा. गाडी मोठ्या गंजामुळे नापास झाली, मग वर्षभर काही नाही आणि एकदम नव्या मालकाच्या हातात कोरा पास. मधल्या काळात ती कुणीतरी कवडीमोलाने घेतली, पत्रा कापून जोडला आणि विकायला काढली, ही शक्यता मोठी. वेल्डिंग स्वतःत वाईट नसतं. सस्पेन्शन, सीट बेल्ट, स्टिअरिंग यांच्या जोडणीच्या आसपास ते कसं करायचं याचे काटेकोर नियम आहेत. पण कुणी केलं, कुठे केलं आणि बिल कुठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

विक्रीच्या तोंडावरचा निर्मळ दाखलाही असाच तपासायचा. गेल्या वर्षी पाच सूचना होत्या आणि या आठवड्यात एकही नाही. कामं झाली असतील तर विकणारा आनंदाने बिलं दाखवेल. त्याच्याकडे बिलं नसतील तर गेल्या वर्षीची यादी छापून आपल्या मेकॅनिकच्या हातात द्या आणि त्या पाच जागा आधी बघायला सांगा. तपासणीचा इतिहास मेकॅनिकची जागा घेत नाही, पण पहिली नजर कुठे टाकायची हे तो सांगतो.

दाखल्यात काय नसतं

एमओटी ही सुरक्षिततेची आणि धुराची तपासणी आहे. इंजिनाची आतली झीज, क्लच, गिअरबॉक्स, टायमिंग बेल्ट बदलला की नाही, एसी चालतो की नाही, हे त्यात येत नाही. गाडी अपघातात सापडली होती का, विमा कंपनीने ती मोडीत धरली होती का, तिच्यावर कर्ज थकलंय का, हेही नाही. त्यासाठी वेगळी चौकशी करावी लागते. आणि पास म्हणजे त्या दिवशी, त्या वेळी पास. उद्या टायरमध्ये खिळा घुसला तर दाखला त्याला जबाबदार नाही.

शिवाय तपासणारा माणूसच असतो. एखादा काटेकोर तपासणारा किंचित ओलसर शॉकअपही लिहितो, दुसरा गळायला लागल्याशिवाय लिहीत नाही. म्हणून एका वर्षाच्या नोंदीवर फार भार टाकू नये. दहा वर्षांत निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर मात्र त्यावर विश्वास ठेवावा.

आपल्याकडची पंधरा वर्षं

महाराष्ट्रात खासगी कार घेतली की नोंदणी पंधरा वर्षांची होते. त्या काळात ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, पत्रा यांची कोणतीही सक्तीची तपासणी होत नाही. पीयूसी असते, पण ती फक्त धुराची. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत पहिल्यांदा गाडी तपासली जाते आणि मग पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी घ्यावा लागतो. पण घेणाऱ्याला दिसते ती फिटनेस कोणत्या तारखेपर्यंत आहे एवढीच ओळ. तपासणीत काय सापडलं, काय दुरुस्त करायला सांगितलं, मीटरवर किती किलोमीटर होते, हे त्याच्या हाती लागत नाही.

म्हणूनच पुण्यात किंवा नाशकात गाडी बघायला गेलं की “डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापरलेली” या वाक्यावर व्यवहार ठरतात. ते वाक्य खरंही असू शकतं. पडताळायला मात्र काही नसतं.

तरीही वाचायची पद्धत तीच वापरता येते, फक्त कागद गोळा करावे लागतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसिंगचा इतिहास मागवा. विकणाऱ्याच्या संमतीने तो बहुतेक वेळा मिळतो. जॉब कार्डं तारखेने लावा आणि किलोमीटरचे आकडे एकाखाली एक लिहा. ब्रेक पॅड, बुश, टायर यांबद्दल ‘पुढच्या वेळी बदलावे’ असा शेरा असेल, तर पुढच्या कार्डावर ते बदलले का ते बघा. विम्याची जुनी कागदपत्रं मागा. नो क्लेम बोनस मधेच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी क्लेम झाला होता का, हे विचारा. एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, आतापर्यंतचे मालक किती, विमा आणि पीयूसी ताडून पाहा.

मग गाडीवरच्या खुणा कागदांशी जुळवा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटर ३०,००० किलोमीटर दाखवत असेल आणि चारही टायर गाडीपेक्षा कितीतरी नवे असतील, तर दोन्हींपैकी काहीतरी जुळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या त्या तळाच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज आहे का, हात घालून बघा. सीट कव्हर नवं टाकता येतं, पण रूळ बदलायची तसदी सहसा कुणी घेत नाही.

नोंद सगळ्यांची असावी

२०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. यंत्रावर ब्रेकचा जोर, सस्पेन्शन, हेडलाइटचा झोत, धूर मोजायचा आणि निकाल थेट संगणकात जायचा, अशी ती रचना आहे. खर्चाचा आणि कष्टाचा भाग हाच होता. आता पुढचं पाऊल तुलनेने छोटं आहे: मोजलेले आकडे, सापडलेले दोष आणि त्या दिवसाचे किलोमीटर, मालकाचं नाव-गाव वगळून, गाडीच्या नंबरावर सगळ्यांना दिसू द्यावेत. आणि खासगी गाडीसाठी पंधरा वर्षं वाट पाहू नये. ब्रिटनने दहापासून सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी सातवर आला, कारण नापासांचा आकडा डोळ्यांसमोर आला. जर्मनीत पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी होते, जपानमध्येही तसंच.

यातून जुन्या गाड्या महाग होतील असं कुणी म्हणेल. माझ्या मते सांभाळलेल्या गाड्या महाग होतील आणि दुर्लक्षित गाड्या स्वस्त होतील. तसंच व्हायला हवं. आज वेळेवर ब्रेक पाइप बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या मालकाला गाडी विकताना जवळपास सारखाच भाव मिळतो, कारण फरक दिसत नाही. नोंद उघडी झाली की देखभालीवरचा खर्च विक्रीच्या वेळी परत मिळेल आणि ज्या दुरुस्त्या लोक पुढे ढकलतात त्या आपणहून वेळेवर करतील.

जुनी गाडी घेणारा माणूस आपल्याकडे बहुतेकदा घरातली पहिलीच गाडी घेत असतो. दोन-तीन लाखांची बचत, क्वचित सोनं गहाण ठेवून उभी केलेली रक्कम, आणि मागच्या सीटवर बसणारे आई-वडील आणि मुलं. नव्या गाडीचा खरेदीदार वॉरंटीच्या आधाराने चालतो. याला कुणाचाच आधार नसतो. ज्याला माहितीची गरज सर्वांत जास्त आहे, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर आज ज्याच्याकडे गाडी आहे त्याने दर सर्व्हिसिंगचं कार्ड आणि बिल एका फायलीत तारखेने लावून ठेवावं आणि विकताना ती फाइल किल्लीबरोबर द्यावी. पुढच्या माणसाला एवढी माहिती देणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि चांगली सांभाळलेली गाडी विकणाऱ्याला त्यात गमावण्यासारखं काहीच नाही.